संतोषचा ओटा आणि मावशींचा धुण्याचा दगड

बेसिनचा नळ सोडला आणि पाणी बाथरूमच्या जाळीतून वर आलं. नव्या टाइल्सवर साबणाचा फेस पसरला. रविवारी गिऱ्हाईक घर बघायला येणार होतं.

संतोष माझ्या गावचा, परभणीकडचा. दोघांनीही आठवीत शाळा सोडली. मी इकडे पुण्याकडे आलो तेव्हा कुरुळीतली खोली त्यानेच बघून दिली, प्लंबिंगचं पहिलं कामही त्यानेच. उपकार विसरलेलो नाही. पण त्याने कंपनी सोडून सांगवीत जुनं बैठं घर घेतलं, नीट करून विकायचं म्हणून, तेव्हा माझ्या पोटात दुखलं. मी अजून भोसरीत पत्र्याच्या खोलीत. त्याचा काळ्या ग्रॅनाइटचा ओटा बघून तर झोपच उडाली. माझ्या बायकोला कधीपासून तसाच हवाय. आणि हा परक्यासाठी बसवतोय!

"लाइन पुढे तुंबलीय," मी म्हटलं. "चेंबर शोधावं लागेल."

चेंबर म्हणजे जमिनीतला चौकोनी खड्डा, विटांनी बांधलेला. घरातलं सांडपाणी त्यात येतं आणि पुढे मोठ्या लाइनला जातं. जुन्या घरात लोक खोल्या वाढवतात आणि चेंबर फरशीखाली गाडून टाकतात.

"कुठाय मग?"

"ओट्याखाली असणार. फोडावा लागेल."

संतोष ओट्यासमोर आडवा उभा राहिला. "जळतोस ना भावा माझ्यावर? पहिल्या दिवसापासून बघतोय. फरशी वाकडी म्हणे, दार अडतंय म्हणे. आता ओटा फोड!"

"फरशी वाकडी होतीच."

"आन् जळतोस ते?"

मी छन्नी शोधायला लागलो.

त्याचा आवाज खाली आला. "परमनंट नोकरी सोडलीय राव मी. घर नाही गेलं तर बायकापोरं घेऊन गावी जायचं. खात्री असेल तर फोड."

खात्री? लाइन मागच्या बाजूला जाते, एवढीच खात्री होती. मागे ओटा होता, मोरी होती, भिंतीपलीकडे शेजारचं अंगण होतं. मग माझं बोट नेमकं ओट्याकडेच का गेलं? हातोडा खाली ठेवला आणि मागच्या भिंतीवरून हाक मारली.

शेजारच्या मावशी सांगवीतल्या जुन्या. कपडे धूत होत्या.

"मावशी, ह्या घराचं चेंबर कुठंय, माहितीय का?"

"हाय की. ह्या माझ्या दगडाखाली. दोन्ही घरं सख्ख्या भावांची व्हती. एकच चेंबर बांधलं."

"मग सांगितलं नाही?"

"इचारलं कुनी? तुमच्या मालकानं माझ्या दारात रेती वतली. रामराम न्हाई, काय न्हाई. येऊ दे त्याला हिकडं. मग दगड हलंल."

संतोष गेला. माफी मागितली, उरलेली रेती स्वतः उचलली, वर मावशींची बोलणी खात चहा प्यायला. मग आम्ही दगड सरकवला. आमच्या पाइपाच्या तोंडाशी सिमेंट घट्ट बसलेलं. टाइल्सवाले रोज बाथरूममध्ये घमेली धुवायचे, ते सगळं तिथे जाऊन जमलं होतं. ते फोडलं आणि पाणी धडधड पुढे गेलं. ओट्याला ओरखडासुद्धा नाही.

रविवारी गिऱ्हाईक आलं. मावशींनी भिंतीपलीकडूनच सांगितलं, "पाण्याची काळजी नगा करू, समदं बघितलंय म्या." घर विकलं गेलं. घेणाऱ्याच्या बायकोने ओट्यावरून हात फिरवला. मी दुसरीकडे बघितलं.

पहिल्यांदाच जुनं घर घेऊन विकणार असाल तर रेती उतरवायच्या आधी शेजारी जाऊन या. घमेली बाहेर धुवायला लावा. आणि कामावर एक तरी जळणारा माणूस ठेवा, त्याच्याइतक्या बारकाईने खोट कुणी काढत नाही. फक्त त्याच्या एकट्याच्या सांगण्यावरून काही फोडू नका.

संतोषने आता दुसरं घर घेतलंय. परवा फोन आला.

"ये भावा जळायला. ह्या खेपेला ओटा अजून मोठा करतोय."