हळद चोळायची नाही

आमच्या घराण्याची कातडी कच्ची आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तो आजार आहे, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. याला कारण मीठ. कळव्याच्या बाजूला खाडीला लागून आमचं आगरी गाव, आणि आजोबा मिठागरात राबणारे. मिठागरात कुणाचे हातपाय धड असतात? सगळ्यांच्याच टाचा फाटलेल्या, बोटं चिरलेली. त्यात आजोबांचे फोड खपून गेले. "खार बाधला" म्हणायचं आणि गप्प बसायचं. जिथे खाराचा थेंबही पोचत नाही त्या पाठीवर फोड कसे येतात, असं कुणी विचारलं नाही.

पुढे मिठागरं बंद पडली, आजोबा गेले, बाबांनी जमीन बिल्डरला दिली आणि घरात मीठ दुकानातून पिशवीत येऊ लागलं. तरी आत्याच्या अंगावरचे फोड थांबले नाहीत. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मग मी जन्मले. रांगायला लागले तशी माझ्या गुडघ्यांची सालं निघायला लागली, आणि मी तर मिठागर लांबूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं. आता मिठाला बोल लावता येईना, म्हणून तो आत्याला लावला. "आत्यावर गेलीय" हे वाक्य मी स्वतःच्या नावाआधी शिकले असेन.

आत्यावर जाणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नव्हती. आत्याचं लग्न हळदीतच मोडलं होतं. आमच्यात हळद म्हणजे गालाला बोट लावून फोटो काढणं नव्हे. सगळं गाव लोटतं, आणि बायका अशा चोळतात की जिचा हात जास्त जोरात तिची माया जास्त. आत्याच्या दोन्ही दंडांची कातडी त्या मायेखाली सोलून निघाली. नवऱ्याकडच्या बायकांनी ते बघितलं, महारोग म्हणाल्या आणि उठून गेल्या. तेव्हापासून आत्या आमच्या घरात. गावातल्या प्रत्येक लग्नात भाकऱ्या थापायला तिला बोलवायचे, पण हळदीच्या ताटाला तिने हात लावायचा नाही. फोडांनी नखं गेलेल्या हातांच्या भाकऱ्या चालतात, हळद चालत नाही! मला याचा लहानपणापासून संताप यायचा, कारण तसेच हात माझेही होते. माझे फोड तीच बघायची. सुई उकळून फोडातलं पाणी काढायचं, वरची साल मात्र काढायची नाही, तशीच राहू द्यायची, हे तिचं तिने शोधून काढलेलं.

नोकरी लागल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल तर ठाण्यातल्या त्वचेच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. मला औषध नको होतं, या फोडांचं नाव हवं होतं. त्यांनी माझं आणि आत्याचं रक्त तपासायला पाठवलं आणि अहवाल आल्यावर बाबांनाही घेऊन या म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, आणि मग जे समजावलं ते मी जन्मात विसरणार नाही. आपल्या कातडीचे दोन थर असतात. वरचा थर खालच्याला धरून राहतो तो एका प्रथिनामुळे. त्याला सातव्या प्रकारचं कोलॅजन म्हणतात, आणि ते कसं विणायचं हे एका जनुकात लिहिलेलं असतं. बाबांच्या कपाळावरच्या आठ्या बघून त्या म्हणाल्या, "होडीच्या नांगराचा दोर समजा. तीन पदरांचा पीळ. एक पदर कुजका निघाला की बाकीचे दोन चांगले असूनही दोर धरत नाही. मग जरा घासलं की वरचा थर सुटतो आणि मधे पाणी भरतं." खाडीकाठच्या माणसाला याहून सोपं करून कोण सांगणार? बाबांना लगेच कळलं. "म्हंजी आत्याचाच पदर आला हिला," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसल्या. "आत्याकडून कसं येईल, काका? येतं ते आईकडून नाहीतर बापाकडून. जरा बूट काढता?"

बाबांचे बूट म्हणजे गावात चेष्टेचा विषय. जमिनीचे पैसे आल्यापासून पांढरेशुभ्र, भर उन्हाळ्यातही बंद. त्यांनी कुरकुरत ते काढले. दोन्ही अंगठ्यांना नखं नव्हती. लहानपणी आजोबांना भाकरी द्यायला जायचो तेव्हा मिठाने खाल्ली, असं ते आम्हाला सांगत आले होते आणि त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. "तुमच्याकडूनच आलंय," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला फक्त थोडक्यात सोडलंय." बाबा पायांकडे बघत बसले. मला त्यांची दया आली, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

वाटलं होतं, आता तरी घरात वारं बदलेल. कसलं काय! माझं लग्न ठरलं तेव्हा बाबा आणखीच घाबरलेले. मुलगा कोलशेतला माझ्याच ऑफिसात होता, त्याला सगळं माहीत होतं. प्रश्न त्याच्या घरच्यांचा होता. "कोनाला सांगाचा नाय," बाबा म्हणाले. "लांब हातांचा ब्लाउज घाल, हलद पायाला लावून मोकली हो. लगीन झाला की मंग सांग." मी म्हटलं, मी काय जुनी मोटरसायकल आहे, विकेपर्यंत इंजिनाचं बोलायचं नाही? त्यावर त्यांनी खरी भीती सांगितली. हे रक्तातलं आहे असं एकदा फुटलं की माझ्या चुलत बहिणींनाही कुणी मागणी घालणार नाही. आईचंही तेच म्हणणं. एका जनुकासाठी सगळं घर तोंडाला कुलूप लावून बसणार होतं, जसं आत्यासाठी बसलं होतं. मला ते करायचं नव्हतं, लग्न मोडलं तरी.

म्हणून मी एकटी कल्याणला मुलाच्या आईकडे गेले आणि दोन्ही हात तिच्यासमोर टेबलावर ठेवले. सगळं सांगितलं. तिने हात बघितले, चहा दिला आणि हो की नाही, काहीच बोलली नाही. त्यानंतर ना फोन, ना निरोप. मांडव पडला, माणसं जमली, तरी त्यांच्याकडून उष्टी हळद येणार की नाही हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

हळदीला मी अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घातला. पाटावर बसले आणि आत्याला ओढून शेजारी बसवलं. बाबांनी ते बघितलं आणि मांडवाच्या टोकाला जाऊन उभे राहिले. धवलारणीने लग्नाची गाणी सुरू केली, आणि नवऱ्याकडच्या बायका ताट घेऊन आल्या. त्यात सासूही होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ. मुलाची चुलत आजी सगळ्यांत पुढे. तिने पदर खोचला, मूठभर हळद उचलली आणि माझ्या दंडाकडे हात आणला.

"आजी, चोळायची नाही," मी म्हटलं. "नुसती ठेवायची. चोळलीत तर कातडी निघेल."

गाणं थांबलं. मी दंड वळवून जुने व्रण दाखवले आणि सरळ सांगून टाकलं, की हा जन्मापासूनचा आजार आहे, शिवल्याने होत नाही, रक्तातून येतो. आत्या उठायला लागली. मी तिचा पदर घट्ट धरला.

"रगतातून?" आजी म्हणाली. "मंग तुज्या पोरांचा काय?"

"निम्मी शक्यता आहे. झालं तर माझ्यासारखं होईल. मग? मी काय वाईट निघाले?"

माझा आवाज चढला होता. कुणीतरी चुकचुकलं, आणि मागून कुणीतरी, आमच्याच गावातली, म्हणाली, "आत्यावर गेली, दुसरा काय."

"आत्यावर नाय!" बाबा ओरडले. मांडवाच्या टोकावरून ते बायकांमधून वाट काढत आत आले. आमच्याकडे हळदीत पुरुष असा घुसत नाही. "माज्याकडून गेलाय तिला. डॉक्टरनी सांगलाय. माज्या बापाचा मना आला, माजा तिला. माज्या बहिनीचा यात कायपन नाय. इतकी वरसा तिला बोलला, मीपन गप ऱ्हायलो."  ते आत्याच्या मागे येऊन उभे राहिले.

आजीने मूठ ताटात झाडली, पदराला हात पुसले आणि मांडवाच्या खांबाला टेकून पाठमोरी बसली. दोघी-तिघी तिच्याबरोबर गेल्या. मला वाटलं, संपलं. पण मान खाली घालणार नव्हते मी, रडणारही नव्हते. तेवढ्यात सासूने ताट उचललं आणि ते माझ्यापुढे नाही, आत्यापुढे धरलं.

"मना काय जमाचा नाय," ती म्हणाली. "पयली तुमी लावा, मी बगून लावतय."

आत्याने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. मग दोन बोटं हळदीत बुडवून माझ्या दंडावर अलगद ठेवली आणि उचलली. सासूने तशीच ठेवली. बाकीच्या बायका एकेक करून पुढे आल्या आणि धवलारणीने गाणं सोडलं होतं तिथून धरलं. मला वाटलं आता आत्या मागे जाऊन बसेल. पण तिने सासूच्या हातातून ताट घेतलं आणि ती सरळ खांबाशी गेली. आजीची हनुवटी धरून तिने तोंड आपल्याकडे वळवलं आणि नख नसलेल्या बोटाने तिच्या दोन्ही गालांना हळद लावली.

"भिऊ नको गो आये," आत्या म्हणाली, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी. "याच्यानं मानूस मरत असता तं मी कवाच मेली असती."