चर्चमधला वन्स मोअर

एकसष्टाव्या वर्षी मी फार शहाणी होते. आता बहात्तरी गाठल्यावर त्या बाईकडे वळून पाहिलं की वाटतं, हिला कोणीतरी वेळेवर दोन रट्टे द्यायला हवे होते. शाळेतून संगीत शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. राजापेठेतल्या घरी दुपारच्या वेळी चार मुली पेटी शिकायला येत, आणि तेवढ्या भांडवलावर अमरावतीतलं संगीत आपल्यावाचून अडून राहिलंय अशी माझी ठाम समजूत होती.

कॅम्पाकडच्या दगडी चर्चमध्ये दरवर्षी मे महिन्यात इंग्रजी शास्त्रीय संगीताचा उत्सव व्हायचा. एका शनिवारी अमरावतीला, पुढच्या शनिवारी अकोल्याच्या जुन्या चर्चमध्ये. तीन-चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात रचलेली गाणी वीस-बावीस जण मिळून गात. त्यात नर्सा होत्या, बँकेतले कारकून होते, आणि कॉलेजात इंग्रजी शिकवणारा एक तरुण त्यांचा मास्तर होता. मी कधी ऐकायला गेले नव्हते. “त्यांच्याकडे राग नसतात,” असं मुलींना मात्र सांगत असे.

त्या चर्चमध्ये पायाने भाता मारायचा ऑर्गन होता. चाळीस वर्षं तो वाजवणाऱ्या बाईंना सगळं गाव आंटी म्हणायचं. उत्सवाला पाच आठवडे उरले असताना आंटी न्हाणीत घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. कीबोर्ड वाजवणारी पोरं अमरावतीत पैशाला पासरी; पण खाली पाय चालवत वर हात चालवणारं कोणी मिळेना. मी लग्नाआधी अकोल्यात आणि नंतर इथे, हौशी संगीत नाटकांना वीसेक वर्षं ऑर्गन वाजवला होता. आंटींना ते ठाऊक होतं. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून त्या एका सकाळी रिक्षाने आमच्या दारात.

“पाय चालते ना तुहे अजून?” त्यांनी विचारलं.

“चालतात की.”

“मंग चाल. हाताचं मी शिकवते.”

पाच रेघांवर लटकलेले ते काळे गोळे मला वाचता येत नव्हते. हे सांगायचं सोडून मी दोन दिवस कागदाकडे पाहत जाणकारासारखी मान हलवली. तिसऱ्या दिवशी आंटींनी पान उलटं ठेवलं. मी त्यालाही मान हलवली.

“वाचता येत नाई तर सांगाचं नं वं,” आंटी म्हणाल्या. “लाजाले काय झालं? मले तरी तुहं सा रे ग म कुठं येते?”

मग त्या एकेक सूर सांगत गेल्या आणि मी लांबलचक वहीत सरगम लिहीत गेले. एकाखाली एक चार ओळी, कारण त्यांच्या गाण्यात चार प्रकारचे आवाज एकाच वेळी चार वाटांनी चालतात. राग नसतात म्हणणाऱ्या बाईंची बोटं त्या चार वाटांत पहिल्या आठवड्यात रोज चुकत होती.

उत्सवातलं एकच गाणं एकटीने गायचं होतं. ते गाणारी पोरगी मूळची तिवश्याकडची, मिशनच्या दवाखान्यात नर्स, वय तिशीच्या आतबाहेर. दीड वर्षापूर्वी तिच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं. पुढचे सहा महिने तिचा आवाज नुसता हवेसारखा निघायचा. पेशंटला हाक मारायची तर टेबलावर पेन आपटायची, असं तिनेच मला हसत सांगितलं. आवाज हळूहळू परतला. पण गाण्यात, शेवटाकडे, एक उंच सूर होता आणि तो बराच वेळ धरून ठेवायचा होता. तालमीत तो तीनदा लागला तर दोनदा निसटायचा. तिने मास्तरला सांगून टाकलं होतं, अमरावतीत तो सूर टिकला तर अकोल्यात गाईन. नाही टिकला तर दुसऱ्या कोणाला द्या; मग मी गाणं सोडलं.

हे सगळं मला माहीत होतं. ते नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं ते अजाणतेपणी केलं असं म्हणायची सोय नाही.

अमरावतीच्या कार्यक्रमाला मी आमच्या ह्यांना आणि त्यांच्या जुन्या नाटक मंडळीतल्या तिघांना आग्रहाने बोलावलं होतं. त्या तिघांनी चर्च आतून कधी पाहिलं नव्हतं. त्यातल्या एकाने दारातच चपला काढल्या, म्हणून बाकीच्यांनीही काढल्या, आणि त्यांचं पाहून मागच्या पंधरा-वीस जणांनी काढल्या. बाहेर चपलांचा ढीग झाला. मास्तर गोंधळून पाहत राहिला, मग त्यानेही बूट काढले.

“वहिनी, वागाचं कसं इथं?” एकाने मला विचारलं.

“आपल्यासारखंच. आवडलं तर मोकळी दाद द्या. मढ्याजवळ बसल्यासारखे बसू नका.”

माझाच हा सल्ला.

कूलर घरघरतात म्हणून कार्यक्रम सुरू होताच बंद केले. संध्याकाळचे साडेसहा, बाहेर अजून झळा. दगडी भिंतींमुळे आत बरं असेल असं वाटलं होतं, पण भिंती दिवसभर तापलेल्या. लोक कार्यक्रमाच्या कागदानेच वारा घेत होते. पहिली चार गाणी बरी गेली. मग ती पोरगी पुढे येऊन उभी राहिली. गळ्यावरचा व्रण दिसू नये म्हणून ओढणी गुंडाळलेली. मी सुरुवातीचे सूर दिले, तिने गाणं उचललं, आणि तो उंच सूर आला तेव्हा मी भाता अगदी हळू मारत होते. सूर लागला. टिकला. ती खाली उतरली, गाणं संपलं, थांबा म्हणून मास्तरचा हात अजून वरच होता.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून तिघांचा एकदम आवाज आला, “वन्स मोअर.”

ज्यांनी संगीत नाटकं पाहिली नाहीत त्यांना सांगते. आमच्याकडे वन्स मोअर आला की नट भूमिका बाजूला ठेवून तेच पद पुन्हा गातो. मेलेला असला तरी उठून गातो. आणि ऑर्गनवाल्याने वाट पाहायची नसते. आरोळी विरायच्या आत सूर द्यायचा असतो, नाहीतर रंग उतरतो. वीस वर्षं मी तेच केलं होतं. माझ्या पायांनी भाता धरला, बोटांनी पहिले सूर दिले, आणि डोक्याला बातमी सगळ्यात शेवटी कळली.

पोरगी वळली. तिने माझ्याकडे पाहिलं. मास्तरचा हात हवेत तसाच. मी तेव्हा थांबले असते तरी चाललं असतं. पण थांबायचं कसं हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. मी वाजवत राहिले, आणि ऑर्गन वाजतोय म्हणून ती गायला लागली. उंच सुरावर तिचा आवाज फाटला आणि बंद झाला. मी लगेच तिची ओळ ऑर्गनवर घेतली आणि शेवटपर्यंत नेली. नाटकात ह्याला सांभाळून घेणं म्हणतात. “वा,” आमच्या मंडळीतला एक म्हणाला. टाळ्या पडल्या. ती बाजूच्या दारातून बाहेर गेली आणि उरलेल्या गाण्यांना आली नाही.

त्या एकसष्ट वर्षांच्या शहाणीला त्या क्षणी काय वाटत होतं? वाटत होतं की काय वेळेवर सांभाळलं मी. ज्याने गंजीला काडी लावली त्यानेच बादली घेऊन पळावं आणि शाबासकीसाठी थांबावं, तशी मी ऑर्गनजवळ थांबले होते. आंटी आल्या.

“वाजवलं चांगलं तू.”

“थँक्यू आंटी.”

“पण ते पोरगी म्हणली होती का तुले, मी अजून एकदा गाते म्हून?”

मी वही पिशवीत घातली आणि घरी आले. ह्यांना म्हटलं, तुमच्या मित्रांनी घोळ केला.

“ते त वरडले,” हे म्हणाले. “वरडणं त्यायचं कामच हाय. तू काहून वाजवून राहिली होती?”

जेवताना आंबरस होता, तोही मला गोड लागला नाही.

सोमवारी मी दवाखान्यात गेले. ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर औषधांच्या चिठ्ठ्या लावत बसली होती. मी चुकले म्हटलं. जवळपास पाच मिनिटं मी माझी चूक, माझी सवय, माझे पाय ह्यांवरच बोलत होते. तिने ऐकून घेतलं.

“काकू, पहिल्यांदा बरोबर लागला होता ना?” ती म्हणाली.

“लागला होता.”

“मला आठवतच नाही. डोळे मिटले की दुसऱ्यांदाचाच ऐकू येतो.” तिने एक चिठ्ठी घडी करून ठेवली. “मी मास्तरांना सांगितलं आहे. अकोल्यात दुसरी गाईल.”

ह्यांनी तिचं गाणं मोबाइलवर घेतलं होतं, हे घरी येऊन मला कळलं. त्यांना बंद करणं जमत नाही, म्हणून पुढचा सगळा प्रकारही त्यात होता. संध्याकाळी मी तो फोन घेऊन पुन्हा तिच्याकडे गेले आणि पहिल्यांदाचं गाणं संपताच बोटाने थांबवलं. तिने तीनदा ऐकलं.

“थरथरलाय,” ती म्हणाली.

“थरथरलाय. पण टिकलाय.”

“नशिबाने टिकला. पट्टीच उंच आहे हो काकू. मला आधीपासूनच उंच जाते.”

आमच्या नाटकात नवा नट आला की ऑर्गनवाला आधी विचारतो, पट्टी कोणती? ज्याचा गळा जसा, तशी पट्टी. इथे पाच आठवडे मी त्या पोरीसमोर बसले होते, आणि पट्टी कोणती हे मी विचारलं नव्हतं. गोऱ्यांची गाणी, लिहिलेली असतील तशीच गायची, असं समजून गप्प बसले होते.

“सूरभर खाली घेऊ,” मी म्हटलं.

मास्तर ऐकेना. “मॅडम, ते ह्याच पट्टीत लिहिलेलं आहे. सगळे सूर बदलावे लागतील.”

“लिहिणाऱ्याले हे पोरगी माहीत होती का?” आंटींनी विचारलं. मास्तर कबूल झाला. माझी वही सरगमची होती, त्यामुळे त्यातलं एक अक्षरही बदलावं लागलं नाही, फक्त सा खाली सरकवला. बोटांना मात्र नवी घरं शोधावी लागली आणि चार दिवस मी सकाळ-संध्याकाळ घाम गाळला. ती तालमीला आली. सूर पाचदा लागला, एकदा निसटला. “शनिवारपर्यंत बघू,” एवढंच ती म्हणाली.

अकोल्याला आम्ही एसटीने गेलो. आमचे ते तिघंही आले, पण मी त्यांना दम दिला होता. “तोंड उघडलं तर परतीच्या गाडीत बसू देणार नाही.”

अकोल्याचं चर्च अमरावतीपेक्षा लहान, छताला लाकडी तुळया, ऑर्गन तिथलाही पायाच्या भात्याचा, आणि ऊन आपल्यापेक्षा दोन बोटं जास्तच. ती उभी राहिली, तेव्हा ओढणी गळ्यावरून सैल होती. गाणं पट्टी उतरवल्यावर थोडं गडद झालं होतं. तो सूर आला. ह्या वेळी तो थरथरला नाही. तिने तो मास्तरच्या हाताकडे न बघता, तिला हवा तेवढा धरला आणि सोडला.

मागून, उजवीकडच्या रांगेतून, एका अनोळखी अकोलेकराने हाक दिली, “वन्स मोअर.” मग आणखी दोघांनी. आमचे तिघं तोंडावर हात ठेवून बसले होते. माझे पाय भात्यावर होते. मी हात उचलून मांडीवर ठेवले आणि तिच्याकडे पाहिलं.

तिने थोडा विचार केला. मग नाही म्हणून मान हलवली, लोकांकडे बघून हसून हात जोडले, आणि जागेवर जाऊन बसली. लोकांनी नाराजीने थोड्या, मग नीट टाळ्या वाजवल्या. मास्तरने पुढच्या गाण्याची खूण केली. मी तिच्याकडे बघत राहिल्यामुळे पहिले दोन सूर चुकले. ती स्टीलच्या बाटलीतून पाणी पीत होती. पिऊन झाल्यावर तिने बाटली शेजारणीला दिली आणि इतरांच्या ओळीत गायला उभी राहिली.