चौकटींचे पैसे

शिट्टीबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. शाळेत मुलींना खेळ शिकवायच्या, गळ्यात सदानकदा शिट्टी, म्हणून हे नाव पडलं आणि निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. बाईंना त्याचं काही वाटत नसे. राहायच्या एकट्या. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

मध्यंतरी त्या स्टुलावरून पडल्या आणि धाकट्या भावाने टुमणं लावलं, "ताई, घर विक आणि आमच्याकडे राहायला ये." भाऊ वाईट नाही हो, बहिणीवर जीव टाकतो. पण त्याच्याकडे बाईंच्या वाट्याला येणार होती पाहुण्यांची खोली, भावजयीच्या वेळेचा चहा आणि दिवसभर 'तुम्ही बसा ताई, आम्ही करतो'. पायाच्या दुखण्यापेक्षा बाईंना या वाक्याची धास्ती जास्त. शेवटी दोघांचं ठरलं. घराला रंग द्यायचाच होता. ते काम बाईंनी एकटीने तडीस न्यावं. जमलं, तर घर विकण्याचा विषय कायमचा बंद. फसल्या, तर मुकाट्याने बिऱ्हाड हलवायचं.

रंग झाला झकास. मग रंगाच्या ठेकेदाराचं बिल आलं आणि बाईंच्या कपाळावर आठी उमटली. ठरल्यापेक्षा रक्कम बरीच फुगली होती. भावाने फोनवर सहज विचारलं आणि खोटं बोलणं बाईंच्या जिभेला कधी जमलेलं नाही.

"मी येतो. बघतोच त्याला!" भाऊ गरजला.

"ये. पण तोंड उघडायचं नाही. फक्त बसायचं."

ठेकेदार आला, तो बाईंना सोडून सरळ भावासमोर बसला. "साहेब, तुम्हाला समजेल. सामान किती महागलंय..."

"अहो, काम मी दिलं, घामाघूम तुमची माणसं झाली," बाई म्हणाल्या, "साहेब तर आज पहिल्यांदा हा रंग बघतायत. इकडे या."

टेप घेऊन त्यांनी त्याला खिडकीपाशी उभं केलं. "रंगकामाची रीत तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितलीत. भिंत मोजताना दारं-खिडक्या वजा करायच्या नाहीत, सगळी भिंतच धरायची. त्या बदल्यात चौकटींचे पैसे वेगळे लावायचे नाहीत. बरोबर?"

"बरोबर."

"मग बिलात भिंतही सबंध आणि चौकटीही वेगळ्या? एकाच खिडकीचे दोनदा पैसे कसे?"

ठेकेदाराने टेप हातात घेतली, खिडकीला लावली, परत गुंडाळली. मोजायचं असं काही नव्हतंच.

भावाने विजयी मुद्रेने मांडीवर थाप मारली. इथे गप्प बसल्या असत्या, तर बाई पैज जिंकल्यातच जमा होत्या. पण ठेकेदाराची नजर सारखी गॅलरीकडे जात होती. तिथे लोखंडी बाक होता, नव्याने हिरवागार झालेला. आणि बाईंना आठवलं. काम चालू असताना रोज त्याच्या माणसांना गरम गरम खायला घालून त्या हळूच म्हणायच्या, "रंग उरलाच आहे, तर एवढा बाक उरका ना." मग चपलांचं कपाट. मग जिन्याचा कठडा. त्याच्या पैशांचं ना बाईंनी विचारलं, ना कोणी सांगितलं.

"खरं सांगा," बाई म्हणाल्या, "बाक, कपाट, कठडा. हे सगळं कुठे घातलंत?"

ठेकेदार कानापर्यंत लाल झाला. "काय सांगू बाई? तुम्ही पोरांना घरच्यासारखं जेवू घातलंत. त्या बाकाचे पैसे मागायचे कसे? जीभच रेटेना. घातले चौकटींत."

"भीड ही भिकेची बहीण असते, एवढं ठाऊक नाही? उघड मागितले असतेत, तर मी कुरकुर करून का होईना, दिले असते. आता चोरासारखे उभे आहात!" मग त्या भावाकडे वळल्या. हे सांगणं जड होतं, पण त्यांनी आवाज खाली येऊ दिला नाही. "आणि तू ऐक. चूक माझीही आहे. फुकटात होतंय म्हणून मी कामं वाढवत गेले. चौकटी निघतील आणि ही कामं बिलात चढतील, स्वतःच्या नावाने."

"माळाही रंगवलाय, बाई," ठेकेदाराला आता धीर आला.

"माळा मी सांगितला होता?"

"नाही. पोरांनी हौसेने केला."

"मग हौसेचे पैसे नसतात."

ठेकेदार खो खो हसला. तिथेच बसून त्याने बिल नव्याने लिहिलं. पहिल्यापेक्षा कमी, बाईंनी मनात धरलं होतं त्याहून थोडं जास्त. भावाच्या चेहऱ्यावरून बाईंना काही कळेना. चूक तर त्यांनी आपल्याच तोंडाने कबूल केली होती. तो बोट ठेवणार असेल, तर ते आत्ताच.

ठेकेदाराने सवयीने कागद भावापुढे धरला. "साहेब, एकदा नजर टाका. मंजूर ना?"

भावाने हात खिशात घातले.

"मला काय विचारता? घर तिचं आहे."

बाईंनी कागद आपल्याकडे ओढला.

"पेन द्या," त्या म्हणाल्या.