इनेसचं पुरुमेंत

हसायचं तर आत्ताच हसून घ्या बायांनो, कारण पुढे यात मी कुठेच शहाणी ठरत नाही.

गोव्यात, आमच्या कोरगावच्या घराच्या मागच्या खोलीत इनेस नावाची स्पेनची मुलगी भाड्याने राहत होती. माझी पियू तीन वर्षांची. माझ्या हातून एक घास खाईल तर शपथ! मी वाटी घेऊन अंगणभर धावायची, आणि ही बया इनेसच्या पायरीवर बसून तिच्या हातून गपागप पेज जेवायची! मे महिना लागला, आणि पावसाआधी इथले परदेशी भाडेकरू घरी परततात. तशी इनेसही निघून गेली तर पोर उपाशी मरायची ना!

मग सरळ विचारायचं तिला, असं म्हणाल. अहो, दारात राहिलेल्या माणसाला 'कधी जाणार?' कसं विचारायचं? म्हणजे 'नीघ आता' असंच झालं की!

म्हणून मी डोकं चालवलं. सातवीनंतर पुस्तक मिटलं होतं, ते मोबाईलवर उघडलं. तिला तिच्याच भाषेत अडकवायचं म्हणून स्पॅनिशचा एकच धडा धरला. बेत सुचवायचे आणि बाजारहाट करायची. 'वामोस आल मेरकादो', म्हणजे चल, बाजारात जाऊया. 'पोर के नो कोंप्रामोस एस्तो?', म्हणजे हे घेऊया का? भाकऱ्या थापता थापता पंधरा दिवस घोकलं.

सासूबाई म्हणाल्या, "गो सुने, तव्याक गाळी कित्याक देतंस?" त्यांना त्या शिव्याच वाटल्या.

बेत काय, तर पावसाळ्याची बेगमी, म्हणजे आमचं पुरुमेंत, इनेसला भरायला लावायचं. चार महिन्यांचं सामान घेऊन बसलेली बाई जाईल कुठे?

पेडण्याच्या बाजारात मी जी सुटले! खाऱ्या बांगड्यांवर बोट. "पोर के नो कोंप्रामोस एस्तो?"

"सी, सी!" इनेस खूश.

आमसुलांवर बोट. सी, सी! मिरच्या, सुकी कोळंबी, कांद्याच्या माळा. सगळ्याला सी, सी! पैसेसुद्धा तीच देत होती, मला हात लावू देईना. मी मनात म्हटलं, ठरलं! आता ही दिवाळीपर्यंत हलत नाही.

मध्येच ती थांबली. "वयनी..."

"नो, नो! एस्पान्योल!" मी बाईंसारखं बोट नाचवलं. मेहनत केली होती, वाया कशी घालवू?

मी कुठली भाषा बोलतेय, ते बांगडेवालीला कळेना. "बाय, दिसतंस पेडण्याची, पण उलयतंस खंयचां?"

रिक्षा भरून घरी आलो. ओसरीवर सामानाचा डोंगर. मी सासूबाईंना ऐटीत सांगितलं, "इनेस पावसाळाभर राहतेय!"

"खंय? ती आयतारी जातली मगे."

"या रविवारी? कोणी सांगितलं?"

"तिणेंच. पंधरा दिस जाले."

"कुठल्या भाषेत?"

"कुठल्या म्हणजे? आपल्याच!"

मी मागे वळले. गळ्यात कांद्याची माळ घालून इनेस उभी. "वयनी, हांव कितले फावट सांगपाक आयलें! तूं म्हाका कोंकणी उलोवंकूच दिना. आनी हें सगळें तुमकां."

म्हणजे ती कितीदा सांगायला आली, पण मीच तिला कोंकणी बोलू दिलं नाही, आणि हा डोंगर तिने आम्हालाच घेतला होता! आमचे हे खुर्चीतून म्हणाले, "माका वाटलां, तुका खबर आसा."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आता पोरीला भरवणार कोण? तर पायरीवर पियू एकटी बसून, स्वतःच्या हाताने, चमच्याने पेज खात होती! आपण जाणार म्हणून इनेसने पंधरा दिवस तिला शिकवलं होतं. आणि मी? मी त्या वेळी आत मोबाईलपुढे कोंप्रामोस कोंप्रामोस करत होते.

"आई, इनेस विमानान वतली," पियूने मला समजावून सांगितलं.

म्हणजे तिलाही ठाऊक! अख्ख्या घरात हे ठाऊक नसलेली एकटी मी, आणि अख्ख्या घरात स्पॅनिश शिकलेलीही एकटी मीच.