पिन सैल झाली!

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात, आमच्या देवबागात फोनच्या भोकात वाळू साचते तसे! आमच्याकडे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. खारा वारा कुठलीच केबल फार दिवस टिकू देत नाही. आत्याचं दुकान आमच्याच पडवीत आहे. शाळा सुटली की मी तिथे बसते, टॉर्च धरते आणि ऐकते. बोलत मात्र नाही. गिऱ्हाईक दिसलं की माझे शब्दच पळून जातात.

आत्या बांद्याच्या एका दुकानात हे काम शिकली आणि यंदा गावात परत आली. पण लोक तिच्याकडून कव्हर घेतात, केबल घेतात आणि फोन उघडायची वेळ आली की मालवण गाठतात! "दिवाळीपर्यंत बघतंय," ती बाबांना म्हणाली होती, "नायतर परत बांद्याक." मला तर ती जायलाच नको होती.

आणखी एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे केबलचं टोक म्हणजेही पिन आणि फोनचं भोक म्हणजेही पिन. जुनी ती बारीक पिन, नवी ती सी-पिन. बिघाड काहीही असो, तक्रार एकच: "पिन सैल झाली!"

* * *

फिलूआंटी शेजारीच होमस्टे चालवते. एकदा ती दुकानात बसलेली असताना तिला पुण्याच्या पाहुण्याचा फोन आला. स्पीकर चालूच होता.

"आंटी, चार्जर घरी विसरलोय. तुमच्याकडे सी आहे ना?"

"आसा मरे! एका बाजूक सी, दुसऱ्या बाजूक खाडी. खोलीतसून दोनय दिसतत!"

मग पाहुण्याने हळूच विचारलं, "पण चार्जिंग होईल ना?"

"होतला तर! मुंबय-पुण्याची माणसां हंय येवनच फुल चार्ज होतत!"

* * *

सुलूकाकी मासे विकते. तिचा फोन चार्ज होईना. आत्याने चिमट्याने पिनेतून एक पांढरी, टोकदार काडी ओढून काढली.

"काकी, ह्या काय?"

"बांगड्याचो काटो. वाळू अडाकली होती, म्हणान कोरूक गेलंय. मोडलो."

"अगो, टाचणी तरी घेवची!"

"टाचणी? लोखंडान शॉक लागता. माका काय तेवढा कळणा नाय?" मग काकी जराशी विचारात पडली. "तरीच दोन दिवस मांजर माझ्या फोनाक सोडीत नाय!"

* * *

आमच्या गणिताच्या सरांचा फोन होडीतून उतरताना पाण्यात पडला. सर दुकानात आले तेव्हा मी टेबलाखाली पडलेला स्क्रू शोधायला बसले. स्क्रू पडलाच नव्हता.

"चार दिवस तांदळात ठेवला होता," सर म्हणाले. "तरी चार्ज होत नाही."

आत्या सरांशी शुद्ध बोलते. "कुठले तांदूळ, सर?"

"उकडे. घरात तेच असतात."

"तिथेच चुकलं! उकड्यांना आधीच पाण्यात उकडून काढलेलं असतं. पोटभर पाणी प्यालेले ते, आणखी काय पिणार? सुरय ठेवायचे, न उकडलेले."

एरवी प्रत्येक गोष्टीची सिद्धता मागणारे आमचे सर! त्यांनी पेन काढून तळहातावर लिहून घेतलं: सुरय. आणि फोन घेऊन मालवणला गेले.

* * *

पास्कूकाका जाळी विणतो. त्याच्या केबलची मान तुटायला आली, तेव्हा त्याने जाळ्याचा नायलॉन दोरा घेतला आणि ती गुंडाळून वर जाळ्याची गाठ मारली. पुढे त्याचा चार्जर जळला. मग फोन मेला. केबल मात्र ठणठणीत!

"काका, नव्या फोनाक सी-पिन लागता. ही टाकून देवा आता," आत्या म्हणाली.

"टाकू? तू माका ह्या केबलीक बसात असो फोन दी!"

* * *

मग एका रविवारी हेल्मेट घातलेले एक काका पिशवी घेऊन आले. मालवणात ज्यांच्या मोबाईल दुरुस्तीच्या मोठ्या दुकानात आमचं गाव जातं, ते स्वतः! पिशवीत नऊ फोन होते.

"चष्म्याचो नंबर वाढलो गो," ते म्हणाले. "स्क्रीन बदलतंय, पण ही पिन आता माका दिसना नाय. बांद्याच्या तुझ्या मालकान तुझा नाव सांगितल्यान. दर आयतवारी पिनांचा काम हाडून दितंय. करशीत? फक्त गावात कोणाक सांगा नको."

आत्या करीन म्हणाली आणि मला टॉर्च धरायला सांगितलं. तिसऱ्या फोनच्या पाठीवर गुलाबी सशाचा स्टिकर होता. तो मी लगेच ओळखला. आमच्या समोर राहणाऱ्या नानांच्या नातवाने तो चिकटवला होता. "पिनेचा काम बायलमाणसाचा न्हय," असं आमच्या पडवीसमोर मोठ्याने म्हणून नाना दोनच दिवसांपूर्वी मालवणच्या गाडीत बसले होते.

आत्याने सशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फोन उघडला. जुनी, हिरवी पडलेली पिन काढली, नवी बसवली.

संध्याकाळी तिने बांद्याला फोन लावला. "आता येवक जमाचा नाय. आयतवारी काम असता."

मंगळवारी मालवणहून फोन घेऊन नाना पडवीत हजर! त्यांनी आपल्या फोनला केबल लावली, केबल धरून फोन उलटा लोंबकळवला, गदागदा हलवला. पिन जागची हलली नाही.

"बघ! ह्याका म्हणतत हात! नीट बघून घे गो, कधीतरी तुकाय जमात!"

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या तोंडात गिऱ्हाइकाला सांगायचं वाक्य तयार होतं. आत्याने टेबलाखालून माझा पाय दाबला. मग तिने फोन हातात घेतला, टॉर्चच्या उजेडात पिन अगदी बारकाईने बघितली.

"काम बरां केलां हा, नाना," ती म्हणाली. "पुढच्या खेपेकय मालवणातच देवा हां!"