अळणी पाणी
चहाच्या पातेल्याच्या तळाला साचलेला पांढरा थर खरवडायला घेतला की मला लग्नानंतरची पहिली दिवाळी आठवते. नांदगाव खंडेश्वरकडची मी, अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात दिली होती. इथं बोअर जितका खोल, तितकं पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही, धुतलेले केस झाडूसारखे होतात, आणि गोड्या पाण्याचा नळ आला नाही की तेच प्यावं लागतं. मोठ्या दिरांच्या किडन्या गेल्या होत्या आणि डॉक्टर पाण्यालाच बोल लावत होते. मी घाबरले होते. माहेरी निघाले ती एक वाक्य ठरवूनच, की आई, मी आता परत जात नाही. अंगणात पाय ठेवला तशी आईनं विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढं केला. याच पाण्यासाठी मी तिकडं जीव टाकत होते. एक घोट घेतला आणि तोंडून भलतंच निघालं, "आई, पाणी अळणी लागून राहिलं." आई पदर तोंडाला लावून हसली. शेजारच्या काकूंना हाक मारून म्हणाली, "पाहा वं, पोरगी तिकडची झाली! आता मले घोर नाही." तिचा चेहरा इतका निवला होता, की ठरवलेलं वाक्य मी पुढच्या घोटासोबत गिळलं आणि भाऊबीज करून मुकाट परत आले. आज माझी लेक आजीकडून आली. बॅग टाकताच म्हणाली, "आजीच्या विहिरीच्या पाण्याले चवच नाही वं, आई." मला हसू आलं नाही.