भिंतीपलीकडचा होमरन
ग्लव्हच्या चामड्याला चोळलेल्या खोबरेल तेलाचा वास आला की मला पावर हाउसजवळचं ते धुळीचं मैदान आठवतं, जिथे राज्याच्या बेसबॉल संघासाठी मुलींची निवड चालली होती. आमच्या वस्तीतल्या ताईचा पहिलाच फटका भिंतीवरून थेट क्वार्टरच्या अंगणात गेला आणि निवड करणारे सर ओरडले, "आऊट!" जगभर ज्याला होमरन म्हणतात, त्याला आऊट! सर म्हणाले, "इथे भिंतीबाहेर गेला की आऊटच. बॉल हरवला तर नवा कोण देईल? हळू मार ना, बाई." गल्लीतल्या क्रिकेटचा नियम लावून हा माणूस तिला संघाबाहेर काढत होता. ताई म्हणाली, "हळू कावून मारू, सर? मले जोरातच मारता येते." मग आम्ही सगळ्या पोरी भिंत चढून पलीकडे उभ्या राहिलो. पुढचा फटका वाळत घातलेल्या गोधडीवर आदळला. मी बॉल उचलून भिंतीवरून दाखवला, "सर, सापडला! आता बोला!" सरांनी हात वर करून होमरन दिला आणि ताई संघात गेली. आज कारखान्याच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटताना कोणी मला 'इथे वाटायची नाहीत' असा नियम दाखवला, की मी आधी पोरी गोळा करते.